नवव्या दिवसाचं खाद्य: सैबेरियन स्टर्जनच्या एका तुकडीचं प्रकरण

स्टर्जन माशाच्या या तुकडीत अंडी चांगली फळली होती. जिरे, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, वेळेवर बाहेर आले, पहिल्या आठवड्यात मरतूक नगण्य होती. मग दहाव्या ते अठराव्या दिवसाच्या दरम्यान दोन लाटांमध्ये निम्म्याहून जास्त जिरे गेले. पहिल्या लाटेचं जे कारण होतं, त्याच्या अगदी उलटं कारण दुसऱ्या लाटेचं होतं. पण टाकीच्या तळाशी दोन्ही वेळा सारखंच चित्र दिसत होतं: पांढुरके, लुळे पडलेले जिरे आणि कडेला जमलेला खच. त्यामुळे पहिल्या वेळी जे निदान झालं तेच दुसऱ्या वेळी पुढे ओढलं गेलं, आणि नुकसान दुप्पट झालं.

शिकवण्याच्या सोयीसाठी हे प्रकरण एकाच हॅचरीचं (माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवण्याच्या केंद्राचं) म्हणून रचून मांडलं आहे. यातला घटनाक्रम मात्र स्टर्जनच्या संगोपनात नवा नाही. पीतकावर, म्हणजे अंड्यातल्या पिवळ्या बलकाच्या शिदोरीवर, जगणारं पिल्लू बाहेरचं खाद्य घ्यायला लागतं, तो टप्पा या माशाच्या शेतीतला सगळ्यात महागडा टप्पा आहे. इतर कुठल्याही वयात एवढे मासे एवढ्या थोड्या दिवसांत जात नाहीत.

मासा आणि त्याचं ओझं

सैबेरियन स्टर्जन हा ओब, येनिसेई आणि लेना या नद्यांचा मासा. बैकल सरोवरातही त्याची एक उपजात आहे. शेतीत पसरलेला साठा मुख्यतः लेना नदीतला आहे. हा मासा गोड्या पाण्यातच आयुष्य काढू शकतो, बंदिस्त जागेत तग धरतो, आणि स्टर्जनच्या कित्येक जातींच्या मानाने लवकर कोरडं खाद्य स्वीकारतो. म्हणून जगभरच्या शेतीत तो इतका दिसतो. मांसासाठी वाढवला तर दोनेक वर्षांत विकण्याजोगा होतो. कॅव्हियारसाठी, म्हणजे खारवलेल्या अंड्यांसाठी, मात्र मादी तयार व्हायला शेतातल्या कोमट पाण्यातही साधारण सात-आठ वर्षं लागतात. त्यातही बाहेरून पाहून नर-मादी ओळखता येत नाहीत, त्यासाठी तिसऱ्या-चौथ्या वर्षी अल्ट्रासाउंड करावं लागतं.

१९९८ पासून स्टर्जनच्या सर्व जाती साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराखाली आहेत. २०२२ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने घेतलेल्या आढाव्यात जगात उरलेल्या सगळ्या जाती धोक्यात असल्याचं नोंदवलं गेलं. नद्यांमधून अंडी काढण्याचे दिवस जवळपास संपले आहेत, आणि बाजाराचा बहुतेक भार हॅचऱ्यांवर आला आहे. म्हणून टाकीतल्या दोन सेंटिमीटरच्या जिऱ्याची किंमत त्याच्या वजनावरून करू नये. त्याच्यामागे आठ-आठ वर्षं सांभाळलेली मादी उभी असते.

बाहेर आल्यापासून पहिल्या घासापर्यंत

हे प्रकरण कळायला या दिवसांत जिऱ्याच्या शरीरात काय घडतं ते आधी नीट पाहावं लागेल.

अंड्यातून बाहेर पडताना सैबेरियन स्टर्जनचा जिरा साधारण १० ते ११ मिलिमीटर लांब असतो. पोटाशी पीतकाची मोठी पिशवी असते. तोंड उघडलेलं नसतं, कल्ले धड तयार नसतात, आणि श्वासाचं बरंच काम त्वचा व पिशवीवरच्या रक्तवाहिन्या करतात. पहिले दोन-तीन दिवस तो उजेडाकडे झेपावतो. शेपटी झटकत सरळ वर जातो, थांबतो, खाली बुडतो, पुन्हा वर जातो. नदीत असता तर प्रवाहाने त्याला अंडी घातलेल्या जागेपासून दूर नेलं असतं. त्यानंतर वागणं पालटतं. जिरे तळाशी उतरतात, प्रवाहाला सामोरं तोंड करून एकमेकांना चिकटून गोळ्याने बसतात. टाकीत हे गोळे काळसर डागांसारखे दिसतात. नवख्या माणसाला वाटतं की जिरे आजारी आहेत, म्हणून एका जागी साचलेत. तसं काही नसतं. ही त्यांची विश्रांतीची अवस्था, आणि याच काळात शरीर आतून सर्वाधिक वेगाने घडत असतं.

पोटात काय चाललेलं असतं ते आणखी रंजक आहे. आपल्या ओळखीच्या बहुतेक माशांत पीतकाची पिशवी आतड्याच्या बाहेर असते आणि रिकामी झाली की आक्रसून जाते. स्टर्जनमध्ये पीतक पचनसंस्थेच्याच पेशींत साठवलेलं असतं, आणि त्या पिशवीच्या भिंतीतूनच पुढे जठर घडतं. म्हणजे शिदोरी संपत जाते तसतसं शिदोरीच्या पिशवीचंच पोट होत जातं. मागच्या बाजूला सर्पिल घड्या असलेलं आतडं तयार होत असतं, आणि त्यात काळ्या रंगद्रव्याचा एक साठा जमून राहतो. यालाच मेलॅनिनचं बूच म्हणतात. जिरा पारदर्शक असल्यामुळे हे बूच शेपटीच्या अलीकडे, गुदद्वाराजवळ, काळ्या ठिपक्यासारखं नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. पचनमार्ग पुढून मागेपर्यंत तयार झाला की जिरा हे बूच बाहेर टाकतो. टाकीच्या पांढऱ्या तळावर तेव्हा बारीक काळे तंतू दिसू लागतात. गोळे फुटतात, जिरे तळभर पांगतात आणि तोंडाखालच्या मिशा जमिनीला घासत हिंडायला लागतात. आता त्यांना खायचं असतं.

भ्रूणशास्त्रज्ञ या प्रवासाचे टप्पे क्रमांकाने मोजतात: अंड्यातून बाहेर येणं हा ३६ वा, आणि बाहेरचं खाद्य घ्यायला लागणं हा ४५ वा. ३६ ते ४५ हे अंतर दिवसांत किती, याचं एकच उत्तर नाही. ते पाणी ठरवतं. सोव्हिएत भ्रूणशास्त्रज्ञ तात्याना डेटलाफ यांनी स्टर्जनच्या विकासासाठी घड्याळाचं एकक बाजूला ठेवून अंड्याच्या सुरुवातीच्या एका पेशीविभाजनाला लागणारा काळ हेच एकक धरलं होतं. पाणी थंड असेल तर ते एकक लांबतं, उबदार असेल तर आखडतं, आणि बाकीचे टप्पे त्याच प्रमाणात मागेपुढे होतात. हॅचरीत इतक्या बारकाईने कोणी मोजत नाही. तिथे अंश-दिवस पुरतात: रोजचं सरासरी तापमान गुणिले दिवस. हा हिशोब अगदी काटेकोर नाही, थंडीत तो थोडा कमी पडतो, पण कॅलेंडरपेक्षा कितीतरी खरा आहे.

१८ अंश सेल्सिअसला सैबेरियन स्टर्जन बाहेर आल्यापासून साधारण नवव्या दिवशी खायला लागतो. नऊ गुणिले अठरा म्हणजे १६२ अंश-दिवस. हा आकडा लक्षात ठेवा.

तुकडीची नोंद

हॅचरीच्या भिंतीवर एक तक्ता होता. त्यात ‘दिवस ९: खाद्य सुरू’ असं लिहिलेलं होतं. हा तक्ता १८ अंशांच्या पाण्यावरच्या आधीच्या हंगामांतून आलेला होता आणि त्या पाण्यासाठी तो अचूक होता. या हंगामात मात्र गरम पाण्याचा मोठा भाग दुसऱ्या विभागाकडे वळवला होता. जिऱ्यांच्या टाक्यांत १५ ते १६ अंशांच्या मधलं पाणी चालू होतं. तापमानाची नोंद रोज होत होती, आणि ती बरोबर होती. फक्त तापमानाची वही आणि भिंतीवरचा तक्ता एकमेकांशेजारी ठेवून कोणी वाचले नव्हते.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक. ‘शून्य दिवस’ कुठून धरायचा? या हॅचरीत पहिला जिरा दिसला तो दिवस शून्य धरत. पण स्टर्जनची अंडी एकदम फुटत नाहीत. इथे मोठा लोंढा पहिल्या जिऱ्यानंतर सुमारे दीड दिवसाने आला होता, आणि मागे राहिलेले त्यानंतरही येत राहिले. सगळे एकाच टाकीत गेले. त्यामुळे तक्त्यावर नववा दिवस उजाडला तेव्हा बहुसंख्य जिऱ्यांचं वय साडेसात दिवस होतं. साडेसात गुणिले साडेपंधरा, म्हणजे ११६ अंश-दिवस. ज्या वाटेच्या शेवटी खाणं सुरू होतं, तिची सत्तर टक्के वाट त्यांनी चालली होती.

त्या दिवशी भुकटी खाद्य सुरू झालं. पूर्ण मात्रेत, दर तासाला, रात्रीसुद्धा.

दहाव्या दिवशी टाकीच्या तळाला हात लावला तर बुळबुळीत लागत होतं. जिरे अजून गोळ्याने बसलेले, आणि भुकटी त्या गोळ्यांवरच बसत होती. बाहेरचे जिरे हलायचे, आतले हलायचे नाहीत. संध्याकाळपर्यंत काही जिऱ्यांच्या परांना आणि कल्ल्यांना कापसासारखे धागे चिकटलेले दिसले. अकराव्या दिवशी सायफनमधून निघणारे मेलेले जिरे आदल्या दिवसाच्या कित्येक पट होते. व्यवस्थापकांनी जिवाणू आणि बुरशीचा प्रादुर्भाव असं निदान केलं, खाद्य पूर्ण थांबवलं, तळ साफ केला आणि मिठाच्या सौम्य द्रावणाचा उपचार दिला. बाराव्या दिवशी मरतूक झपाट्याने उतरली.

इथे प्रकरणाने वळण घेतलं. उपचार लागू पडला, असं सगळ्यांना वाटलं. जिऱ्यांना ‘सावरायला’ वेळ द्यावा म्हणून खाद्य आणखी काही दिवस बंद ठेवायचं ठरलं. तेराव्या-चौदाव्या दिवशी तळावर काळे तंतू दिसले. ते कचरा म्हणून सायफनने काढले गेले. पंधराव्या दिवशी जिरे पांगून जोरात हिंडत होते. हे तब्येत सुधारल्याचं लक्षण मानलं गेलं. सोळाव्या दिवशी शेपट्या झिजलेले जिरे दिसू लागले, आणि अठराव्यापर्यंत दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी झाली. पुन्हा मिठाचा उपचार झाला. या वेळी फरक पडला नाही.

कुप्यांनी दिलेला पुरावा

या प्रकरणाची उकल झाली ती एका सवयीमुळे. टाक्यांची सफाई करणारी तंत्रज्ञ रोजच्या मेलेल्या जिऱ्यांपैकी मूठभर जिरे फॉर्मलिनच्या छोट्या कुपीत ठेवत असे आणि कुपीवर तारीख व टाकीचा क्रमांक लिहीत असे. तसं करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. दहाव्या दिवसाच्या कुपीवर तिने पेन्सिलने आणखी चार शब्द लिहिले होते: ‘शेपटीकडे काळं अजून आहे’.

या कुप्या क्रमाने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या की गोष्ट सरळ वाचता येते. दहाव्या आणि अकराव्या दिवशी मेलेल्या जवळजवळ प्रत्येक जिऱ्यात पीतक शिल्लक आहे आणि मेलॅनिनचं बूच जागच्या जागी आहे. पोटात खाद्याचा कण नाही. खाद्य सापडतं ते कल्ल्यांच्या तंतूंमध्ये आणि तोंडाच्या कडेला, लगद्यासारखं, आणि त्या लगद्यात बुरशीचे धागे वाढलेले. हे जिरे उपाशी मेले नाहीत, आणि मुळात रोगानेही मेले नाहीत. न खाल्लेल्या भुकटीखाली ते गुदमरले. बुरशी नंतर आली. पाण्यात नेहमी असणाऱ्या बुरशीला तिथे कुजणारं खाद्य आणि नाजूक त्वचा दोन्ही मिळालं.

सोळाव्या ते अठराव्या दिवसाच्या कुप्यांत नेमकं उलटं चित्र. पीतक नाही, बूच नाही, आतडं स्वच्छ आणि रिकामं. डोकं शरीराच्या मानाने मोठं, पोट आत गेलेलं. शेपटीच्या आणि छातीच्या परांच्या कडा कुरतडलेल्या. स्टर्जनचे जिरे एकमेकांना गिळत नाहीत, तोंड त्यासाठी बनलेलंच नाही. पण उपाशी असले की मिशांना जे लागेल ते चाखून पाहतात, आणि शेजाऱ्याचा पर हे सगळ्यात जवळचं मऊ मांस असतं. बूच पडल्यानंतर खाद्य मिळालं नाही की आतड्याचं अस्तर पातळ होतं, यकृताच्या पेशी आक्रसतात, पाचक रस आटतात. काही दिवसांनी अशी वेळ येते की समोर खाद्य ठेवलं तरी जिरा ते घेत नाही, किंवा घेतलं तरी पचवू शकत नाही. तिथून परतीची वाट नसते.

बाराव्या दिवशी मरतूक का उतरली, याचंही उत्तर यातच आहे. मिठापेक्षा तळाची सफाई आणि खाद्य थांबणं उपयोगी पडलं. तीन गोष्टी एकाच दिवशी केल्या की श्रेय कुणाचं ते कळत नाही, आणि इथे श्रेय चुकीच्या गोष्टीला मिळाल्यामुळे पुढचे चार दिवस गेले.

दुसऱ्या शंका

इतर कारणं तपासल्याशिवाय हे निदान पक्कं म्हणता येणार नाही. अंड्यांचा दर्जा हा पहिला संशयित असतो. पण निकृष्ट अंड्यांची मरतूक बहुधा आधीच दिसते: अंडी पांढरी पडतात, बाहेर येतानाच जिरे वाकडे निघतात किंवा पिशवीला सूज असते. इथे पहिला आठवडा शांत गेला होता. पाण्यात वायू अतिसंपृक्त झाला असता, म्हणजे मावेल त्याहून जास्त विरघळून राहिला असता, तर जिरे तोंडात किंवा पोटात बुडबुडा घेऊन पृष्ठभागावर तरंगले असते. थंड पाणी तापवून वापरणाऱ्या हॅचरीत ही शंका कायम घ्यावी, कारण तापवल्यावर पाण्याची वायू धरून ठेवण्याची ताकद घटते. पण इथे एकही जिरा तरंगताना कोणी पाहिला नव्हता.

ऑक्सिजनचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. नोंदवहीत तो कायम लिटरला ७ मिलिग्रॅमच्या वर होता. मापक पाणी आत येतं तिथे लावलेला होता. जिरे राहत होते तळापासून दोन-तीन मिलिमीटरच्या थरात, एकमेकांच्या अंगावर, कुजत्या भुकटीखाली. त्या थरातला ऑक्सिजन कोणी मोजला नव्हता, आणि तो वरच्या पाण्याइतका असण्याची शक्यताच नाही. माझ्या मते ‘ऑक्सिजन ठीक होता’ ही या नोंदवहीतली सगळ्यात दिशाभूल करणारी ओळ आहे, आकडा खरा असूनही. स्टर्जनसारख्या तळावरच्या माशाचं पाणी तळाशी मोजायला हवं.

खाद्य लवकर देण्याबद्दल एक वाद आहे, त्याचीही दखल घेतो. काही जाणकार बूच पडण्याच्या एक-दोन दिवस आधी चिमूटभर खाद्य टाकायला सांगतात. तळावर वास पसरतो, आणि आधी तयार झालेल्या जिऱ्यांना लगेच घास मिळतो. ते मला पटतं. एकाच टाकीतल्या जिऱ्यांच्या वयात दोन दिवसांचं अंतर असताना सगळ्यांची वाट पाहणं म्हणजे पुढच्यांना उपाशी ठेवणं. पण चिमूट आणि पूर्ण मात्रा यांत फरक आहे, आणि चिमूट टाकणाऱ्याने पुढच्या फेरीआधी ती उचलायलाही हवी. इथे ना मात्रा कमी होती, ना उचलणं वेळेवर होतं.

उरलेल्या जिऱ्यांचं काय केलं

अठराव्या दिवशी टाक्यांत जे उरले होते ते सगळे एका अवस्थेत नव्हते. उशिरा बाहेर आलेले काही जिरे नुकतेच बूच टाकत होते, आणि त्यांच्यासाठी वेळ अजून गेली नव्हती. काही बारीक झाले होते, पण चपळ होते. काही तळावर कुशीवर पडून नुसते कल्ले हलवत होते. या तिसऱ्या गटासाठी थांबण्यात अर्थ नसतो, ही कठोर पण खरी गोष्ट आहे. त्यांना वेगळं काढल्याने बाकीच्यांची टाकी स्वच्छ राहिली.

उरलेल्यांना कोरडी भुकटी पुन्हा देण्याऐवजी आधी आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कवचधारी जिवाची नुकती फुटलेली पिल्लं दिली. ही अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरची, केशरी रंगाची, हलणारी असतात. हालचाल महत्त्वाची, कारण स्टर्जनला डोळ्यांचा फारसा आधार नसतो. तो मिशांवरच्या स्वादकलिकांनी आणि स्पर्शाने खाद्य शोधतो, आणि हलणारी गोष्ट मिशांना जास्त वेळा लागते. आर्टेमिया मिठाच्या पाण्यात फुटतात, म्हणून आधी धुऊन घ्याव्या लागतात. गोड्या पाण्यात त्या काही तासच जगतात. म्हणून एकदम ओतण्याऐवजी दिवसरात्र थोड्या थोड्या देत राहाव्या लागतात, आणि मेलेल्या काढून घ्याव्या लागतात. नाहीतर नवव्या दिवसाच्या भुकटीचीच गत होते.

इथे एक तपासणी फार कामाची ठरली. दर सकाळी प्रत्येक टाकीतून थोडे जिरे पांढऱ्या वाडग्यात घ्यायचे आणि खालून पोट पाहायचं. आर्टेमिया खाल्लेल्या जिऱ्याचं पोट त्वचेतून स्पष्ट केशरी दिसतं. किती पोटं केशरी, किती रिकामी, एवढंच मोजायचं. टाकीत खाद्य किती पडलं हे वही सांगते, जिऱ्याच्या पोटात किती गेलं हे वाडगा सांगतो. पहिल्या सकाळी केशरी पोटं तुरळक होती. जसजसे दिवस गेले तसतशी ती वाढत गेली, आणि रिकाम्या पोटांचे जिरे वेगळ्या टाकीत जात राहिले.

त्याच वेळी पाणी हळूहळू, रोज एखादा अंश या बेताने, १८ पर्यंत आणलं. घाई केली नाही, कारण उपाशी जिऱ्याला गरम पाण्यात ऊर्जा जास्त लागते आणि त्याच्याजवळ ती नसते. आधी खाणं, मग ऊब, असा क्रम ठेवला. आर्टेमियासोबत बारीक, बुडणारं, ताजं भुकटी खाद्य मिसळायला सुरुवात झाली ती बहुतेक पोटं केशरी दिसू लागल्यावर. मिश्रणातलं भुकटीचं प्रमाण आठवडाभराहून जास्त काळ हळूहळू वाढवत नेलं. काही जिऱ्यांनी बदल चटकन स्वीकारला, काहींनी नाकारला. ज्यांनी नाकारला ते महिन्याभरात मागे पडले.

वाढ, आणि उरलेल्या खुणा

बाहेरचं खाद्य सुरू होताना सैबेरियन स्टर्जन साधारण २० मिलिमीटरच्या जवळपास असतो. त्यानंतरची वाढ सगळ्या शरीराची सारखी नसते. आधी डोकं आणि शेपटी पुढे धावतात. डोकं वाढतं कारण श्वास, वास, चव आणि तोंड यांची यंत्रणा तिथे आहे. शेपटी वाढते कारण पोहता आलं नाही तर बाकी सगळं फुकट. धड मागून भरतं. म्हणून तीन आठवड्यांच्या जिऱ्याचं मोठं डोकं पाहून लगेच उपासमार म्हणू नये, पोट आणि पाठीचं मांस पाहावं. साधारण तिसऱ्या आठवड्यात पाठीवर हाडांच्या ढालींची पहिली रांग उमटू लागते, मग बाजूच्या आणि पोटाकडच्या. १८ अंशांत पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत पाचही रांगा असलेला, आईबापांसारखा दिसणारा छोटा मासा तयार होतो. हा मासा हाताळणी, प्रतवारी आणि कोरडं खाद्य सगळं सोसतो. मरतुकीचा आलेख तिथून सपाट होत जातो.

वाचलेल्या जिऱ्यांनी लांबीतली पिछाडी बऱ्याच अंशी भरून काढली. उपासानंतर खाद्य मिळालं की मासे काही काळ जोमाने वाढतात, हे इतर जातींतही दिसतं. पण दोन खुणा राहिल्या. एक म्हणजे आकारातली विषमता. एकाच वयाच्या बोटुकल्यांमध्ये (बोटाएवढ्या पिल्लांमध्ये) सर्वात मोठी आणि सर्वात लहान यांतला फरक नेहमीपेक्षा बराच जास्त होता, आणि त्यामुळे प्रतवारी लवकर आणि वारंवार करावी लागली. मोठ्यांत लहान ठेवले तर लहान खाद्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि फरक आणखी रुंदावतो. दुसरी खूण छातीच्या परांवर. ज्यांचे पर कुरतडले गेले होते त्यांतल्या काहींचे ते पुन्हा वाढले, पण वाकडे, कडेला मुडपलेले. खाण्याच्या माशासाठी हा दोष चालून जातो. आठ वर्षांनी प्रजननासाठी निवडायच्या मादीसाठी मी तो चालवून घेणार नाही, विशेषतः पुढे नदीत सोडण्याच्या कार्यक्रमासाठी पिल्लं घ्यायची असतील तर.

तक्ता बदलला

पुढच्या तुकडीसाठी भिंतीवरच्या तक्त्यातून ‘दिवस’ हा रकाना काढून टाकला गेला. त्याऐवजी तीन रकाने आले: अंश-दिवसांची बेरीज, बूच टाकलेल्या जिऱ्यांचं प्रमाण, आणि तळाची स्थिती. शून्य धरायचा तो मोठा लोंढा बाहेर आल्याच्या वेळेपासून. मागे राहिलेले जिरे शक्य तितके वेगळ्या टाकीत, वेगळ्या शून्यासह. १३० अंश-दिवसांपासून रोज सकाळी वाडग्यात जिरे घेऊन बूच मोजायचं. पहिल्या काही जिऱ्यांनी बूच टाकलेलं दिसलं की चिमूटभर आर्टेमिया. निम्म्यांनी टाकलं की पूर्ण मात्रा, आणि त्या दिवसापासून रात्रीची पाळीही. गोळे जोवर फुटलेले नाहीत तोवर भुकटी नाही, मग बेरीज काहीही असो. ऑक्सिजनचा मापक नळी लावून तळाशी उतरवला.

काही टाक्यांच्या तळाशी जिऱ्यांना शिरता येईल अशी धुतलेली खडी पसरून पाहण्याचाही विचार झाला. खडीत लपलेले पीतकावरचे जिरे कमी हालचाल करतात आणि पीतकाचा जास्त भाग शरीर वाढवण्याकडे जातो, असं स्टर्जनच्या एकाहून अधिक जातींत आढळलं आहे. पण खडीतला तळ साफ करणं अवघड, आणि या हॅचरीला नुकताच घाण तळाचा फटका बसला होता. म्हणून पहिल्या फेरीत एकाच टाकीत, आणि बूच पडू लागताच खडी काढून घेण्याच्या अटीवर ती वापरायचं ठरलं.

त्या तुकडीतही खाणं सुरू होण्याच्या दिवसांत मरतूक वाढली. ती वाढतेच. स्टर्जनमध्ये हा टप्पा शून्य नुकसानीने पार पडत नाही. पण चढ एकच होता, बूच पडण्याच्या दिवसांभोवती, आणि कुप्यांमधल्या बहुतेक जिऱ्यांत कल्ले स्वच्छ होते. कुप्या आता कामाच्या यादीत अधिकृतपणे आहेत, टाकीमागे रोज एक. त्यांवरची नोंद अजूनही तीच तंत्रज्ञ करते, आणि तिच्या सांगण्यावरून तक्त्यात चौथा रकानाही जोडला गेला: गोळे बसलेत की पांगलेत.